चमचे, पळ्या, काठवट: हाताने कोरायला कोणती हत्यारं घ्यावीत?

रानवारा

सोसायटीत पावसाळ्याआधीची छाटणी झाली. पेरू, आंबा आणि सुबाभळीच्या मनगटाएवढ्या फांद्या कंपाउंडला लागून पडल्या होत्या. माळीदादांना विचारून पेरूच्या काही घरी आणल्या. लाकडी चमचे कोरणाऱ्यांचे व्हिडिओ बरेच दिवस पाहतोय, आता स्वतः करून पाहायचं आहे. यंत्र नको आहे. फ्लॅटमध्ये राहतो, आवाज आणि धूळ दोन्ही चालणार नाहीत. शिवाय मला हे हातानेच करायचं आहे.

आधी स्वयंपाकघरातलं: उलथनं, पळी, मिठाचा चमचा. पुढे हात बसला तर आईला भाकरीचं पीठ मळायला काठवट करून द्यायची आहे. तिच्या माहेरची काठवट चिरून गेली, तेव्हापासून ती स्टीलच्या परातीत मळते आणि दर वेळी त्या काठवटीची आठवण काढते.

ऑनलाइन बारा नगांचे कोरीवकामाचे संच दिसतात, त्यातला एखादा घ्यावा का? आत खोलगट कोरायचा वाकडा चाकू बाहेरून मागवावा की इथल्या लोहाराकडून करून घ्यावा? आणि बायको डावखुरी आहे. तिलाही शिकायचं आहे. आम्हा दोघांना एकच हत्यारं चालतील का?

उभी रेघ

संच घेऊ नका. त्या बारांतली बहुतेक हत्यारं नक्षीकामाची असतात, अरुंद पात्यांची आणि आखूड मुठींची. दारावरची वेलबुट्टी काढायला ती चालतात. चमच्याचं पोट कोरायला त्यांतलं एखादंच कामी येतं, आणि तेही मन लावून धार केल्याशिवाय नाही. तेवढ्या पैशांत तीन चांगली हत्यारं होतात.

ती तीन म्हणजे लहान कुऱ्हाड, सरळ पात्याचा आखूड चाकू आणि आकडी चाकू, म्हणजे तुम्ही म्हणता तो आत खोलगट कोरायचा वाकडा चाकू. फांदी कापायला करवत घरात असेलच, नसली तर बागकामाची घडीची करवत घ्या. चमच्याला याहून जास्त काही लागत नाही.

कुऱ्हाडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण नवे लोक तिथेच काटकसर करतात आणि मग सगळं काम चाकूने ओढत बसतात. चमच्याचं बरंचसं लाकूड कुऱ्हाडीनेच उडवायचं असतं. ती नीट चालली तर चाकूला फक्त शेवटचा हात फिरवायचा उरतो. डोक्याचं वजन ६०० ते ८०० ग्रॅम, दांडा ३५ ते ४० सेंमी. बाजारातली सरपणाची कुऱ्हाड पाचरीसारखी जाड असते, कारण तिला लाकूड फोडायचं असतं. आपल्याला तासायचं आहे, म्हणून पातं धारेजवळ पातळ हवं. तीच कुऱ्हाड घेऊन कानशीने दोन्ही बाजू उतरवत आणा. ग्राइंडरवर देऊ नका. धार निळी पडली की तिथलं पोलाद मऊ झालं असं समजा, आणि तो निळा भाग घासून जाईपर्यंत धार टिकत नाही. कानशीला वेळ लागतो, पण एकदाच लागतो.

सरळ चाकूचं पातं ६ ते ८ सेंमी पुरे. लांब पातं वळणात अडतं आणि त्याचं टोक नको तिथे पोचतं. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू जगभर नवशिक्यांना सुचवले जातात. त्यांच्या १२० क्रमांकाचं पातं साधारण ६ सेंमी, १०६चं ८ सेंमीहून थोडं जास्त. दोन्हींत मधे कडक पोलाद आणि बाजूंना मऊ, असा थर असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पात्याचा उतार एकाच सपाट पृष्ठाचा आहे, धारेपाशी दुसरा बारीक उतार नाही. तो रुंद उतार लाकडावर टेकवला की चाकू किती खोल जातोय ते हाताला कळत राहतं. स्वयंपाकघरातल्या सुरीत हे मिळत नाही, ती लाकडावर घसरते नाहीतर एकदम आत घुसते.

सह्यकडा

वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक भर घालतो: कुऱ्हाड चालवायला खाली ओंडका लागतो, आणि तो मांडीच्या उंचीचा असावा. जमिनीवर उकिडवं बसून तासलं की हात थकतो आणि घाव पायाकडे येतो. वखारीत बाभळीचा किंवा आंब्याचा बुंधा मागितला तर मिळतो. फ्लॅटमध्ये ओंडक्याखाली जुनं टायर किंवा जाड रबराची चटई ठेवा. खालच्या मजल्याला धक्का कमी जाणवतो.

तासणी

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी. मी नोकरी करतो, पण हत्यारं अजून घरात आहेत आणि हात चालू आहे.

चाकूने कोरायची पद्धत युरोपातली आहे आणि चमच्याला ती उत्तम आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की ही हत्यारं आपल्या लोहाराला करता येतात. फक्त त्याला काय हवं ते नीट सांगावं लागतं. लोक लोहाराकडे जाऊन ‘वाकडा चाकू करून दे’ म्हणतात, तो विळ्याचं पातं वाकवून देतो, आणि मग सगळे म्हणतात की इथे चांगलं मिळत नाही. त्याने आयुष्यात चमचा कोरलेला नसतो. विळा कसा कापतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण हा आकडा कशाला हे आपणच दाखवायला हवं.

पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या. पाच-सहा सेंमी व्यासाची बाटली पुठ्ठ्यावर ठेवून तिच्या कडेने अर्धगोलाहून थोडी कमी रेघ मारा, ती पात्याची वळणरेषा. पातं ८ ते १० मिलिमीटर रुंद, दोन ते अडीच मिलिमीटर जाड. मुठीत जाणारी शेपटी निदान सात सेंमी, नाहीतर जोर लावला की पातं मुठीत हलायला लागतं. धारेचा उतार गोलाईच्या बाहेरच्या अंगाने, आतली बाजू गुळगुळीत. हे त्याला दोनदा सांगा. विळ्याची सवय असलेला हात उलटं करून ठेवतो, आणि आतून उतार दिला तर पातं पोटात टेकतच नाही, उकरत जातं.

पोलाद म्हणून ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा मागा. प्रत्येक लोहाराकडे तो असतो. त्यात कर्ब अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, पाणी, म्हणजे लाल तापवून एकदम गार केल्यावर येणारा कडकपणा, चांगलं धरतं आणि सहज तुटत नाही. पाणी देताना तेलात बुडवायला सांगा. साध्या पाण्यात एवढं पातळ पातं तडकू शकतं.

उभी रेघ

तासणीदादा, हे अगदी उपयोगी. एक अडचण मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पाणी देतात, पण नंतर पातं उतरवत नाहीत, म्हणजे पुन्हा हलकं तापवून जास्तीचा कडकपणा कमी करत नाहीत. मग धार काचेसारखी कडक राहते आणि पेरूच्या पहिल्या गाठीवर तिचा कपचा उडतो. किंवा उलट, भीतीपोटी इतकं उतरवतात की धार वळते. लोहाराकडून आणलेलं पातं कसं तपासायचं ते नव्या माणसाला सांगाल का?

तासणी

कानस लावून बघा. नवी बारीक कानस धारेवर हलकेच ओढायची. सरकली, फक्त खरखर झाली, तर पाणी चढलंय. चावली आणि भुसा पडला तर मऊ आहे, परत द्या.

कडक आहे पण उतरवलेलं नाही अशी शंका असेल तर घरच्या ओव्हनमध्ये होतं. पातं पॉलिश पेपरने चकचकीत करा, १८० ते २०० अंशांवर तासभर ठेवा आणि आपोआप गार होऊ द्या. पॉलिश केलेल्या भागावर फिकट गवती पिवळा रंग आला की काम झालं. तपकिरी-जांभळ्याकडे जाऊ देऊ नका. हे मूठ बसवायच्या आधी करायचं.

मीरा_योतेबोरी

मी स्वीडनमध्ये योतेबोरीला राहते. इथे हस्तकला हा शाळेतला सक्तीचा विषय आहे, लाकूड आणि कापड दोन्ही. माझ्या मुलाने शाळेत लोणी लावायचा लाकडी चाकू करून आणला, तेव्हापासून घरात मीही शिकायला लागले. संध्याकाळच्या वर्गाला जाते.

मोराच्या आकडी चाकूबद्दल सांगते, कारण इथे वर्गात तोच वापरतो. १६४ क्रमांकाला एकाच बाजूला धार असते, १६२ला दोन्ही बाजूंना. नव्या माणसाला दुधारी घेण्याचा मोह होतो, दोन्ही दिशांना कापता येईल म्हणून. आमचे शिक्षक पहिल्या वर्षी दुधारी हातात देत नाहीत. एकधारी पात्याच्या पाठीवर अंगठा ठेवून ढकलता येतं, आणि निम्मा ताबा त्या अंगठ्याचा असतो. दुधारीला पाठच नाही.

रानवारा, तुमच्या पत्नीसाठी: एकधारी आकडी चाकू उजव्या आणि डाव्या हाताचा वेगळा असतो, आरशातल्या प्रतिमेसारखा. १६४ दोन्हींत मिळतो. उजव्या हाताचा चाकू डावखुऱ्या माणसाने चालवला तर धार ओढायच्या उलट्या दिशेला येते आणि मनगट विचित्र वळतं. लोहाराकडून करून घेत असाल तर पुठ्ठ्याचा तोच नमुना उलटा करून द्या. सरळ चाकूचा उतार दोन्हीकडे सारखा असतो, तो दोघांना चालतो. दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली कुऱ्हाडही चालते. एकाच बाजूला उतार असलेली तासायची कुऱ्हाड मात्र घेऊ नका, ती एका हाताचीच असते.

इथे चमच्याला बहुतेक बर्चचं लाकूड वापरतात, ओलं असताना. भारतात मी फक्त एकदा सुट्टीत आंबा कोरला आहे. तिथल्या लाकडांबद्दल जाणकारांनी लिहावं, मला खूप उत्सुकता आहे.

रानवारा

मीराताई, मनापासून आभार. बायकोला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तिचा नमुना तिनेच पुठ्ठ्यावर काढला. लाकडाबद्दल मलाही विचारायचंच होतं. पेरू बरोबर आहे ना?

नारळीपोफळी

पेरू फार चांगला. घट्ट, बारीक रेषेचा, वास नाही, चव नाही, ओला असताना चाकूखाली छान कापला जातो. फक्त फांदी सरळ सापडली पाहिजे आणि मधला गाभा काढून टाकला पाहिजे. गाभा चमच्यात राहिला की वाळताना हमखास तिथून चीर पडते. म्हणून फांदी आधी बरोबर मधोमध फोडायची आणि प्रत्येक अर्ध्यातून एक चमचा काढायचा. करवतीने उभी चिरण्यापेक्षा कुऱ्हाड ठेवून मागून लाकडाने ठोकून फोडा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची रेषा जिकडे जाते तिकडेच ती फुटते आणि दांडा मजबूत होतो.

हत्यारांच्या निवडीशी लाकडाचा थेट संबंध आहे, म्हणून इथे थोडं लांबवर लिहितो. वर सांगितलेली सगळी चाकू-मंडळी ओल्या लाकडासाठी आहेत. फर्निचरच्या दुकानातल्या वाळक्या सागाची फळी आणून आकडी चाकूने कोरायला बसाल तर हात दुखतील आणि धारही जाईल. सागात सिलिका असते, ती पोलाद झिजवते. वाळकं शिसम त्याहून कडक. ज्यांना वाळक्यातच करायचं आहे त्यांनी शिकंजा, गोल पटाशी (गोलाईदार धारेची छिन्नी) आणि मोगरी (लाकडी हातोडा) घ्यावी. तो मार्गही चांगला आहे, पण हत्यारं वेगळी.

आमच्या कोकणात सहज मिळणारं आणि हाताला सोपं म्हणजे शिवण. मऊ, फिकट, वाळताना फार वाकडंतिकडं होत नाही. मोठ्या वाडग्याला मी शिवण किंवा फणस घेतो. फणसाला चीक असतो, तो पात्यावर बसतो, मधेमधे खोबरेल लावून पुसत राहायचं. पण पिवळा रंग जो येतो तो पाहत राहावासा वाटतो, आणि वर्षांनी तो गडद तांबूस होतो. आंबा मिळायला सोपा, वाडग्याला ठीक, मात्र रेषा गुंतलेल्या असल्या की चाकू उचकटतो. आंब्याचा चीक काहींच्या कातडीला चालत नाही, तेही पाहा. पांगारा फार हलका आणि मऊ, खेळण्यांना चांगला, रोज धुतल्या जाणाऱ्या चमच्याला नाही. काळा कुडा सापडला तर सोडू नका. हस्तिदंतासारखं पांढरं, अगदी बारीक पोताचं लाकूड. चन्नपट्टणची खेळणी त्याचीच होतात. बाभूळ आणि चिंच चाकूने कोरायचा हट्ट नवशिक्याने धरू नये.

आणि काही झाडांना हात लावू नका. कण्हेर विषारी आहे, तिची काडीही अन्नात नको. काजरा म्हणजे कुचल्याचं झाड, तेही नको. बिब्ब्याचा रस कातडीवर फोड आणतो. रस्त्याकडेच्या कापलेल्या ढिगातून फांदी उचलताना झाड ओळखता येत नसेल तर ती तिथेच ठेवा.

देवराई

नारळीपोफळींच्या शेवटच्या ओळीला जोडून: ढिगातूनच घ्या, उभ्या झाडाची फांदी स्वतः तोडू नका. शहरी भागात महाराष्ट्राचा १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पावसाळ्याआधी आणि वादळानंतर इतकं लाकूड आपोआप मिळतं की चमचे करणाऱ्याला कमी पडत नाही.

वैद्य_सातारा

मी अपघात विभागात काम करते. हत्यारांच्या धाग्यावर हे कोणी लिहिलं नसल्याने लिहिते.

बसून कोरताना चाकू मांडीकडे कधीही ओढू नका. मांडीच्या आतल्या अंगाला मोठी रोहिणी असते, ती कापली गेली तर वेळ फार थोडा मिळतो. कोपर गुडघ्यांवर टेकवून हात गुडघ्यांच्या पुढे ठेवा, किंवा काम छातीशी धरून कोपर अंगाला लावा. कोपर अंगाला लागलेलं असलं की हाताची झेप तिथेच संपते. लाकूड पकडणाऱ्या हातात कापरोधक मोजा घाला. चाकूच्या हातात नको, त्याने पकड सैल होते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर सुरुवात करण्याआधी घेऊन टाका. जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर उचला, आणि हळद किंवा कॉफी भरू नका. टाके घालताना ती आम्हाला खरवडून काढावी लागते.

लहान मुलं आसपास असतील तर कुऱ्हाडीला तिचं चामड्याचं म्यान हवं, आणि काम थांबलं की लगेच ते चढवायचं.

उभी रेघ

वैद्यताई, हे सगळ्यांनी लिहून ठेवावं असं आहे. माझ्याकडून एकच भर: बोथट हत्याराने हात जास्त कापतो, कारण जोर लावावा लागतो आणि पातं सुटतं तेव्हा सगळा जोर त्याच्यामागे असतो. म्हणून आता धारेबद्दल.

खरं तर हत्यारं निवडताना पहिला प्रश्न हाच असावा की याला मी स्वतः धार लावू शकेन का. सरळ चाकूला सपाट निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, पुरतो. तो नसेल तर काचेच्या तुकड्यावर ओला पॉलिश पेपर चिकटवा: ४००, ८००, १२००, मग २०००. उतार पूर्ण टेकवून घासायचं, कोन बदलायचा नाही. एका बाजूने घासत गेलं की पलीकडच्या बाजूला अगदी बारीक लव उभी राहते, बोट आडवं फिरवलं की लागते. धारेच्या पूर्ण लांबीवर ती लागली की बाजू बदलायची. लव न येता बारीक पेपरवर गेलात तर उतार आरशासारखा चमकेल आणि धार बोथटच राहील.

शेवटी चामडं. जुन्या पट्ट्याचा तुकडा लाकडाच्या पट्टीवर चिकटवा, धातूला पॉलिश करणाऱ्याकडे मिळणारी हिरवी वडी त्यावर घासा आणि पातं पाठीच्या दिशेने ओढा. कोरताना मधूनमधून हे करत राहिलात तर पेपरवर जायची वेळ क्वचितच येते.

आकडी चाकूच्या आतल्या बाजूला सपाट काही चालत नाही. बोटभर जाडीची गोल काठी घ्या, तिच्यावर पेपर गुंडाळा. चाकू स्थिर धरा आणि काठी बाहेरच्या उतारावर फिरवा, टोकापासून शेपटीपर्यंत. मग आतून लव काढायला एकदा-दोनदा हलकेच. लोक चाकू फिरवतात आणि काठी धरून ठेवतात, त्यात धारेची गोलाई बिघडते.

तपासायचं कसं? ओल्या लाकडाचा छेद घ्या, म्हणजे रेषेला आडवा. पृष्ठ चकाकलं तर धार आहे. पांढुरके ओरखडे दिसले तर नाही.

रानवारा

हे वाचून आधी चामड्याची पट्टीच तयार केली. आता काठवटीचं सांगाल का? नुसत्या आकडी चाकूने होईल?

तासणी

काठवट म्हणजे दीड-दोन वीत रुंद, चार-पाच बोटं खोल. आकडी चाकूने करायला गेलात तर मनगट कायमचं दुखेल. तिथे वाकस, म्हणजे दांड्याला आडवं पातं असलेलं कुदळीसारखं तासायचं हत्यार, हवी आणि गोल पटाशी हवी.

सुताराची नेहमीची वाकस सरळ धारेची असते. ती बाहेरून तासायला उत्तम, पण आत खोलगट भागात तिचे दोन्ही कोपरे रुततात. आतल्या कामाला धार गोलाईत हवी, कोपरे वर उचललेले, आणि उतार बाहेरून. आतून उतार असलेली वाकस खड्ड्यात शिरते पण बाहेर येत नाही, लाकूड उचकटून काढते. दांडा आखूड, हातभर, म्हणजे मनगट आणि कोपर यांच्या फिरण्यातून जो गोल निघतो त्याच गोलात पातं चालतं. घाव हळू, पण सारखे. ओंडक्यात खाच करून किंवा चार खुंट्या ठोकून काठवट पक्की बसवा. वाकस चालवताना दुसऱ्या हाताने काम धरायचं नाही.

वाकशीने ओबडधोबड खड्डा झाला की गोल पटाशी आणि मोगरी. पटाशी ३० मिलिमीटरच्या आसपास रुंद, बऱ्यापैकी खोल गोलाईची. काठाकडून मध्याकडे कोरत यायचं, दोन्ही टोकांकडून. मध्यापलीकडे गेलात की उलटी रेषा लागते आणि तळात ढलपे उचकटतात. शेवटचा हात मोठ्या, उघड्या गोलाईच्या आकडी चाकूने. त्याची वळणरेषा चमच्याच्या आकड्यापेक्षा बरीच पसरट हवी. वेल्समध्ये आतून कोरायला लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी ओढायचा वाकडा चाकू असायचा. दांडा बगलेत किंवा दंडावर टेकवून जोर मिळतो. तसा एक मी करून घेतलाय, काठवटीच्या तळाला तो फार कामाचा आहे.

आईसाठी करताय म्हणून एक सांगतो. ओंडका मधोमध फोडून अर्ध्यातून काठवट काढताना तोंड गाभ्याच्या बाजूला ठेवायचं की सालीच्या, हा जुना प्रश्न आहे. दोन्ही करतात. गाभा पूर्ण काढलेला असणं त्याहून महत्त्वाचं. जुन्या काठवटी चिरतात त्या बहुतेक गाभ्याच्या रेषेवरूनच.

नारळीपोफळी

आणि वाळवायची घाई नको. लाकूड वाळताना आडवं आकसतं, आणि वाढीच्या वलयांना समांतर दिशेने ते वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट आकसतं. म्हणून गोल वाडगा वाळून अंडाकृती होतो, ते नैसर्गिक आहे. भिंती सगळीकडे सारख्या जाडीच्या ठेवा, जाडजूड तळ आणि पातळ काठ असं ठेवलं की फुटतो. ओबडधोबड कोरून झालं की कागदी पिशवीत, स्वतःच्याच भुशात ठेवा. देशावरच्या एप्रिल-मेच्या हवेत उघड्यावर ठेवलेला ओला वाडगा एका दुपारीसुद्धा चिरू शकतो. पावसाळ्यात उलट बुरशी येते, तेव्हा रोज उघडून वारा द्या.

चमच्यांचं काम अर्धवट राहिलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये. ते हत्यारांनाही बरं, कारण वाळलेल्या तुकड्याशी दुसऱ्या दिवशी झुंजावं लागत नाही.

अनुराधा_वऱ्हाड

तेलाबद्दल कोणीच लिहिलं नाही. आमच्याकडे जवसाचं तेल खायला वापरतात. घाण्याचं कच्चं जवस तेल चमच्यांना सगळ्यात चांगलं, कारण ते हवेत आळून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल तसं आळत नाही, खवट वास येतो. पातळ हात फिरवायचा, तासाभराने पुसायचा, उन्हात ठेवायचं, दोन-तीन आठवड्यांत पक्कं होतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं म्हणून जे जवस तेल मिळतं ते मात्र नको, त्यात लवकर वाळायला धातूंची संयुगं घातलेली असतात. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

मीरा_योतेबोरी

इथेही जवसच वापरतात! वाचून फार आनंद झाला.

पळीबद्दल राहिलं होतं. पळीला बाक असतो, तो सरळ लाकडातून काढला तर वाकणाऱ्या जागी रेषा तुटतात आणि दांडा तिथेच मोडतो. निसर्गतः वाकलेली फांदी शोधा, बाक पळीच्या बाकाशी जुळेल अशी. मग रेषा दांड्यातून पोटापर्यंत अखंड जातात आणि पळी पातळ ठेवली तरी टिकते. ढिगातून फांद्या निवडताना सरळ तेवढ्या उचलू नका.

रानवारा

शनिवारी गावाकडच्या लोहाराकडे चाललो आहोत, दोघांचे दोन नमुने घेऊन. सरळ चाकू मोराचा १२० मागवला. कुऱ्हाड घरचीच होती, ती कानशीने उतरवायला घेतली आहे. वाकस आणि पटाशी चमचे जमायला लागल्यावर.

शेवटचं: लोहार मूठ बसवून देईल की आपण बसवायची? आणि केवढी?

तासणी

मूठ आपण बसवा, म्हणजे हाताच्या मापाची होते. लाकूड पूर्ण वाळलेलं घ्या. ओल्या लाकडाची मूठ नंतर आकसते किंवा तडकते आणि शेपटी ढिली होते. भोक शेपटीपेक्षा किंचित लहान पाडा. जुने लोक शेपटी तापवून भोकात जाळत बसवायचे आणि लाख भरायचे. तसं करायचं असेल तर पात्याला ओलं फडकं घट्ट गुंडाळा, नाहीतर उष्णता धारेपर्यंत चढून सगळं पाणी उतरेल. पहिल्यांदा करताय तर एपॉक्सी वापरा, एक दिवस तसंच ठेवा.

आकडी चाकूची मूठ नेहमीपेक्षा लांब ठेवा, वीस सेंमीच्या आसपास, म्हणजे वाडग्यात दोन्ही हातांनी धरता येते. छेद गोल नको, अंडाकृती करा. गोल मूठ हातात फिरते आणि पात्याचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. तुमच्या पेरूच्या फांद्यांतलीच एक आत्तापासून सावलीत वाळत ठेवा, टोकांना मेण लावून. आत्ताच्या मुठीला बाभळीचा वाळका तुकडा लोहाराकडेच मिळेल.